बाळूंचे बळी कोणाच्या खात्यात?

कसोटी रंगात आली की चंद्रपूर-गडचिरोलीतली आम्ही पोरं रेंज सापडेल तिथं मोबाईलला चिकटतो. बुमराहचे आकडे आम्हाला तोंडपाठ. पण पालवणकर बाळू कोण, हे आमच्यातल्या किती जणांना सांगता येईल?

फेब्रुवारी 1906. भारताच्या पहिल्या कसोटीला अजून 26 वर्षं होती. मुंबई जिमखाना म्हणजे गोऱ्यांचा क्लब. तिथं हिंदू विरुद्ध युरोपियन सामना. जिंकायला राज्यकर्त्यांना 212 धावा हव्या होत्या. ते 102 धावांत गारद झाले आणि मैदानाभोवतीच्या गर्दीनं जल्लोष केला. त्या हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोन चांभार भाऊ होते. याच बाळूंना पुण्यात सवर्ण सहकारी पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपाचा होत होता!

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना नेमून कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध करत संघ सोडला, तेव्हा कुठं बाळू उपकप्तान झाले. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला.

काही मित्र म्हणतात, बाळू 1937 मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध लढले, मग त्यांची आठवण कशाला? लढले, आणि हरले. ते बरंच झालं. पण तेवढ्यावरून त्यांचे बळी आम्ही काँग्रेसच्या खात्यात का टाकावेत?