स्क्रीन न बघता व्हिडिओ गेम कसा खेळतात? नव्या गेमची वाट पाहणाऱ्या दृष्टिहीन खेळाडूंसाठी काय बदललंय?

'जीटीए ६' कधी येणार? या एका प्रश्नावर आजवर हजारो मीम्स झाली आहेत. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. रिलीजसाठी आधी २०२५ साल सांगितलं गेलं, मग २६ मे २०२६ आणि त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख रॉकस्टार गेम्सने जाहीर केली.

डोळस खेळाडू फक्त तारखेची वाट पाहतो. दृष्टिहीन खेळाडूपुढे मात्र कुठल्याही नव्या गेमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो. गेम आला तरी तो आपल्याला खेळता येणार का?

दिसत नसताना गेम खेळायचा कसा, असं अनेकांना वाटेल. याचं उत्तर समजून घ्यायला वांगणीचं उदाहरण उपयोगी पडतं.

वांगणी आणि आवाजाचा नकाशा

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतरचं स्टेशन म्हणजे वांगणी. १७ एप्रिल २०२१ रोजी इथे रुळांवर पडलेल्या एका लहान मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून गाडी येत असताना वाचवलं आणि हे नाव देशभर पोचलं. त्या मुलाची आई दृष्टिहीन होती. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्यातले बरेच जण लोकलमध्ये छोट्या-मोठ्या वस्तू विकून घर चालवतात.

न बघता लोकल पकडायची, तर कानावर भिस्त ठेवावी लागते. गाडी कोणत्या बाजूने येतेय, दार कुठे आलंय, पुढचं स्टेशन कोणतं, हे सगळं आवाजावरून ओळखायचं. मुंबईच्या उपनगरीय स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र बसवलेलं असतं, ते यासाठीच. त्या बीपमुळे प्रवास सोपा होत नाही. गर्दी तीच, धक्के तेच. फक्त डोळस माणसाला पाटी बघून मिळणारी माहिती दृष्टिहीन माणसाला कानाने मिळते.

व्हिडिओ गेममध्येही नेमकं हेच करायचं असतं.

गेममध्ये हे कसं केलं जातं?

या बाबतीत सर्वाधिक चर्चा झाली ती १९ जून २०२० रोजी आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या गेमची. नॉटी डॉग कंपनीने त्यात दिव्यांग खेळाडूंसाठी साठहून अधिक सेटिंग्ज दिल्या. मेनू वाचून दाखवला जातो. एक बटण दाबलं की पात्राचं तोंड पुढच्या वाटेकडे वळतं. उडी कुठे मारायची, वाकायचं कुठे, यासाठी वेगवेगळे आवाज आहेत. पात्र कड्यावरून पडू नये याचीही सोय आहे. या सोयींमुळे दृष्टिहीन खेळाडूंनी कोणाच्याही मदतीशिवाय हा गेम शेवटपर्यंत खेळून दाखवला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये अशा सोयींसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान याच गेमला मिळाला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने तर कार रेसिंगच दृष्टिहीनांसाठी खुलं केलं. वळण कोणत्या बाजूला आहे, गिअर कधी बदलायचा, गाडी ट्रॅकच्या कडेला गेली का, हे सगळं त्यात आवाजाने कळतं. ही सोय तयार करताना ब्रँडन कोल या दृष्टिहीन गेमरचा सल्ला घेण्यात आला होता. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये प्रतिस्पर्धी किती लांब आहे, हे आवाजावरून ओळखता येतं.

फक्त आवाजाचे गेम

काही गेममध्ये चित्रं जवळपास नसतातच. त्यांना ऑडिओ गेम म्हणतात. जपानमध्ये १९९७ साली सेगा सॅटर्नसाठी 'रिअल साउंड' हा चित्रांशिवायचा गेम आला होता. २०१५ मध्ये फ्रान्सच्या डोविनो स्टुडिओने 'अ ब्लाइंड लीजंड' मोबाइलवर आणला. त्यात हेडफोन लावून तलवारबाजी करायची असते. २०२१ चा 'द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन' हा कॅनडात तयार झालेला ऑडिओ गेमही बराच गाजला.

मग अडतं कुठे?

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइल वापरतात ते टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरच्या मदतीने. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. यांना स्क्रीन रीडर म्हणतात. स्क्रीनवरचा मजकूर ते वाचून दाखवतात, आणि मराठीही वाचू शकतात.

अनेक गेममध्ये मात्र 'स्टार्ट' हे बटणसुद्धा चित्र म्हणून रंगवलेलं असतं. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तिथे वाचण्यासारखं काहीच नसतं. त्यामुळे खेळाडू पहिल्या मेनूवरच अडकतो.

गेम ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात, तिथे आता सुधारणा होतेय. युनिटीने मोबाइल गेमसाठी स्क्रीन रीडरची सोय दिली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या गोडो ४.५ मध्येही तिची सुरुवात झाली. तरी ती सोय वापरायची की नाही, हे शेवटी गेम बनवणाऱ्यांच्या हातात असतं. आणि ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर लिफ्टसाठी जागा शोधणं जितकं कठीण, तितकंच गेम तयार झाल्यावर हे करणं अवघड आणि खर्चिक असतं.

भाषेची अडचण वेगळीच. बहुतेक मोठ्या गेममध्ये मराठी नसते, त्यामुळे मेनू बोलला तरी तो इंग्रजीत बोलतो.

गेम घेण्याआधी काय तपासायचं?

नव्या मोठ्या कन्सोल गेमची किंमत पाच हजार रुपयांच्या घरात जाते. लोकलमध्ये माल विकून पोट भरणाऱ्या घरात एवढी रक्कम अंदाजावर घालवता येत नाही. त्यामुळे या गोष्टी आधी बघाव्यात:

• स्टोअरमधली माहिती: एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि स्टीम या तिन्ही स्टोअरमध्ये गेमच्या पानावर अशा सोयींची यादी देण्याची व्यवस्था आहे. मार्च २०२५ मध्ये काही बड्या कंपन्यांनी मिळून यासाठी २४ समान खुणाही ठरवल्या.

• मेनू बोलतो का? 'मोठी अक्षरं' किंवा 'रंग बदला' एवढंच असेल, तर ते कमी दिसणाऱ्यांच्या कामाचं आहे. अजिबात न दिसणाऱ्यांसाठी मेनू वाचून दाखवणं आणि वाटेसाठी आवाजी खुणा हव्यात.

• परताव्याचा नियम: स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की ही मुभा सहसा राहत नाही.

• मॉड: काही गेममध्ये कंपनीने सोय दिली नसली तरी चाहत्यांनी ती तयार केलेली असते. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम अशाच एका मोफत मॉडमुळे कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडरने खेळता येतो.

भारतात कायदा काय सांगतो?

अमेरिकेत गेममधल्या चॅटसारख्या संवादाच्या सोयी दिव्यांगांना वापरता याव्यात, हा नियम २०१९ पासून नव्या गेमना लागू आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ नुसार जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. ते प्रकरण बँकेच्या ई-केवायसीसारख्या सेवांचं होतं, गेमचं नव्हतं. पण स्क्रीनवर डोळे मिचकावून दाखवा, असं सांगणारी यंत्रणा आणि न बोलणारा मेनू यांतली अडचण एकाच जातीची आहे.

महाराष्ट्रातही आता मोठे गेम तयार होतात. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. मुंबईच्या गेमऑन स्टुडिओने आपल्याच शहरावर बेतलेला 'मुंबई गलीज' जाहीर केला. अशा गेमच्या ट्रेलरखाली 'कधी येणार?' अशा कमेंट्सचा पाऊस पडतो. 'मेनू बोलणार का?' ही कमेंट डोळस चाहत्यांनीही टाकायला हरकत नाही. ती गेम तयार होत असतानाच टाकली, तर तिचा उपयोग होण्याची शक्यता सर्वात जास्त असते.