बोरीबंदर ते अहमदनगर : ९ ऑगस्ट १९४२ ची विशेष आगगाडी आणि युद्धकालीन सुरक्षाव्यवस्था – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धकाळात राजकीय नेत्याचा प्रवास हा केवळ त्या व्यक्तीचा प्रवास राहत नाही. तो राज्यसंस्थेच्या चिंतेचा विषय बनतो. नेता कोणत्या मार्गाने जाणार, गाडी कोठे थांबणार, फलाटावर कोणाला प्रवेश मिळणार आणि वार्ता कितपत बाहेर फुटणार, या प्रश्नांना लष्करी महत्त्व येते. रेल्वेने प्रवास करणाऱ्या नेत्यांच्या संरक्षणाची उदाहरणे जगाच्या इतिहासात अनेक आहेत. मुंबई प्रांताच्या इतिहासात मात्र अशी एक आगगाडी धावली, की जिच्यातील प्रवासी राज्यसंस्थेचे पाहुणे नव्हते आणि सर्वसामान्य अर्थाने गुन्हेगारही नव्हते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे अटक केलेल्या महात्मा गांधी आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन बोरीबंदरहून निघालेली ही विशेष गाडी होती.

‘छोडो भारत’ आंदोलनावरील लेखनात या गाडीचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो. गवालिया टँकवरील ठराव आणि त्यानंतरचा जनक्षोभ या दोन मोठ्या घटनांच्या मध्ये हा प्रवास झाकला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रवासाची रचना, त्यामागील शासकीय हेतू आणि त्याचे परिणाम यांचा परामर्श घेतला आहे. ‘संरक्षण’ आणि ‘बंदोबस्त’ या दोन संकल्पनांमधील सीमारेषा युद्धकाळात कशी पुसट होते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

युद्धकालीन पार्श्वभूमी

१९४२ च्या पूर्वार्धात ब्रिटिश साम्राज्याची आशियातील प्रतिष्ठा ढासळली होती. १५ फेब्रुवारी रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले आणि मे महिन्यापर्यंत ब्रह्मदेश जपानच्या हाती आला. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम व काकिनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. क्रिप्स शिष्टाई एप्रिलमध्येच निष्फळ ठरली होती. अशा वेळी भारतीय रेल्वे हे पूर्वेकडील आघाडीला सैन्य व रसद पुरविणारे प्रमुख साधन होते आणि मुंबई हे पश्चिमेकडून येणाऱ्या युद्धसामग्रीचे महत्त्वाचे बंदर होते. काँग्रेसने सामुदायिक आंदोलन सुरू केल्यास पहिला आघात दळणवळणावर होईल, ही सरकारची भीती अनाठायी नव्हती.

१९३९ च्या भारत संरक्षण नियमांनी सरकारला विनाचौकशी स्थानबद्धतेचे अधिकार दिले होते. ७ व ८ ऑगस्ट रोजी अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक गवालिया टँक मैदानावर (आजचे ऑगस्ट क्रांती मैदान) भरली, तेव्हा दडपशाहीची सिद्धता पूर्ण झाली होती. अटकेनंतर नेत्यांना कोठे ठेवावे, यावर मात्र दिल्ली आणि लंडन यांच्यात बराच खल झाला. गांधीजींना एडनला आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना आफ्रिकेतील वसाहतींत पाठविण्याचा विचार गंभीरपणे झाला होता. अखेरीस हद्दपारीची कल्पना मागे पडली आणि पुण्याचा आगाखान महाल व अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) किल्ला ही स्थाने निश्चित झाली. सागरी प्रवासाची जागा अशा रीतीने एका दिवसाच्या रेल्वेप्रवासाने घेतली.

पहाटेची अटक आणि गाडीचा मार्ग

८ ऑगस्टच्या रात्री ठराव संमत झाला. गांधीजी मलबार हिलवरील बिर्ला भवनात, तर मौलाना आझाद भुलाभाई देसाई यांच्याकडे उतरले होते. रात्र सरण्यापूर्वीच पोलीस या घरांच्या दारात पोहोचले. पोलीस आयुक्त बटलर यांनी आणलेल्या हुकुमात गांधीजींसह महादेवभाई देसाई व मीराबेन यांची नावे होती. कस्तुरबांना स्वेच्छेने सोबत येण्याची मुभा होती. त्यांनी मागे राहून शिवाजी पार्कच्या सभेत बोलण्याचा निर्णय घेतला आणि त्याच दिवशी सायंकाळी त्यांनाही अटक झाली.

पकडलेल्या नेत्यांना व्हिक्टोरिया टर्मिनसवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणण्यात आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची विशेष गाडी तेथे सज्ज होती. तिच्यात कार्यकारिणीच्या सदस्यांबरोबर मुंबईतील स्थानिक कार्यकर्तेही होते.

मार्गाची निवड समजून घेण्यासाठी या लोहमार्गाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई–पुणे अंतर सुमारे १९२ किलोमीटर आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातून, १ : ३७ इतक्या तीव्र चढणीने, गाडी दख्खनच्या पठारावर येते. १९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले होते. विद्युत मार्ग मात्र पुण्यापाशीच संपत असे, पुढे दौंडकडे वाफेच्या इंजिनाखेरीज गत्यंतर नव्हते. दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ पासून अहमदनगरला जोडत होता. अर्थात बंदिस्त गाडीलाही मोठी स्थानके टाळता येण्याजोगी नव्हती. गुप्ततेच्या योजनेतील दुर्बल दुवा येथेच होता.

गांधीजींच्या बाबतीत हा धोका पत्करण्यात आला नाही. पुण्याच्या अलीकडे असलेल्या चिंचवड या तेव्हाच्या छोट्या स्थानकावर गांधीजी, महादेवभाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू यांना उतरविण्यात आले आणि मोटारीने आगाखान महालात नेण्यात आले. मोठ्या स्थानकावरील गर्दी टाळून आडस्थानकावर उतरविणे ही व्यवस्था प्रशासकीय दृष्ट्या चोख होती.

पुणे स्थानकावर मात्र गुप्ततेचा भंग झाला. मौलाना आझाद यांनी आपल्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात या प्रसंगाचे वर्णन केले आहे. फलाटावर पोलिसांखेरीज कोणी नव्हते, पण पादचारी पुलावर लोक जमले होते. गाडी दिसताच गांधीजींचा जयघोष झाला आणि पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ते दृश्य पाहताच जवाहरलाल नेहरू डब्यातून बाहेर पडले आणि लोकांवर लाठी चालविण्याच्या अधिकारालाच त्यांनी आव्हान दिले. शंकरराव देवही फलाटावर उतरले. परत जाण्यास त्यांनी नकार दिल्यावर पोलिसांनी त्यांना उचलून डब्यात आणले. काही मिनिटांच्या या झटापटीत त्या प्रवासाचे खरे स्वरूप प्रकट होते. पोलिसांना बंदी सुरक्षित ठेवायचे होते. बंदी मात्र आपल्या सुरक्षिततेकडे पाठ फिरवून जमावाच्या रक्षणासाठी धावले.

त्याच दिवशी गाडी अहमदनगरला पोहोचली. किल्ल्यात कालांतराने बारा नेते स्थानबद्ध होते : आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष. मुंबईच्या कार्यकर्त्यांची रवानगी येरवड्यास झाली.

संरक्षण की बंदोबस्त?

या मोहिमेत सरकारपुढे दोन परस्परविरोधी उद्दिष्टे होती. नेत्यांचा जनतेशी असलेला संबंध पूर्णपणे तोडणे हे पहिले उद्दिष्ट होते. म्हणूनच त्यांच्या स्थानबद्धतेचे ठिकाण प्रारंभी जाहीर केले गेले नाही आणि किल्ल्यात सुरुवातीच्या काही आठवड्यांत वृत्तपत्रे व पत्रव्यवहार नाकारण्यात आला. दुसरे उद्दिष्ट नेत्यांच्या जीविताला धक्का लागू न देणे हे होते. गांधीजींचा मृत्यू कोठडीत झाला तर युद्धकाळात त्याचे परिणाम काय होतील, ही चिंता शासकीय विचारविनिमयात सातत्याने दिसते. सामान्य तुरुंगाऐवजी महालाची निवड होण्यामागे ही चिंताही होती.

दुसरे उद्दिष्ट किती कठीण होते, हे लवकरच दिसून आले. अटकेनंतर सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई देसाई यांचे आगाखान महालात हृदयविकाराने निधन झाले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी त्याच वास्तूत देह ठेवला. पहारा माणसाला जमावापासून दूर ठेवू शकतो. दुःखापासून आणि मृत्यूपासून तो त्याचे रक्षण करू शकत नाही, हे या महालाने सिद्ध केले. ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव गांधीजींची मुक्तता झाली आणि त्याच महिन्यात ते विश्रांतीसाठी अंधेरीजवळच्या जुहू येथे आले. मुंबईच्या एका टोकाला सुरू झालेले हे बंदिवासाचे पर्व उपनगराच्या समुद्रकिनाऱ्यावर विसावले.

अन्य देशांतील दोन प्रवास

तुलनेसाठी दोन प्रसंग उपयुक्त ठरतात. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर, फेब्रुवारी १८६१ मध्ये, नवनिर्वाचित अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या हत्येचा कट बाल्टिमोर येथे शिजत असल्याची वार्ता गुप्तहेर ॲलन पिंकर्टन यांना मिळाली. त्यांच्या योजनेनुसार हॅरिसबर्गच्या तारा तोडण्यात आल्या आणि लिंकन रातोरात फिलाडेल्फिया व बाल्टिमोरमार्गे २३ फेब्रुवारीच्या सकाळी वॉशिंग्टनला पोहोचले. नेता सुखरूप राहिला, तथापि चोरपावलांनी आल्याबद्दल विरोधी वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. दुसरा प्रसंग एप्रिल १९१७ चा आहे. लेनिन व त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडहून जर्मनीमार्गे ‘मोहोरबंद’ गाडीने रशियाकडे गेले. तेथे शत्रुराष्ट्रानेच स्वतःच्या लाभासाठी नेत्याला सुरक्षित वाट करून दिली.

या तिन्ही प्रवासांत गुप्तता, नियंत्रित मार्ग आणि बाह्य संपर्काचा विच्छेद ही साधने समान आहेत. भेद आहे तो संमतीचा आणि धोक्याच्या व्याख्येचा. लिंकन यांनी अनिच्छेने का होईना, पण संमती दिली होती आणि धोका मारेकऱ्यांकडून होता. लेनिन यांनी अटी घालून प्रवास स्वीकारला होता. मुंबईच्या गाडीत संमतीचा प्रश्नच नव्हता आणि ‘धोका’ म्हणून ज्यांना दूर ठेवले गेले, ते नेत्यांचे अनुयायीच होते.

परिणाम

कार्यवाहीच्या निकषावर ही मोहीम यशस्वी ठरली. काही तासांत संपूर्ण राष्ट्रीय नेतृत्व लोकांच्या दृष्टीआड झाले. राजकीय निकषावर मात्र तिचे फलित उलटे झाले. नेत्यांविना उरलेल्या जनतेने आंदोलनाची सूत्रे स्वतःकडे घेतली. त्याच सुमारास भारतमंत्री ॲमेरी यांनी, तारा तोडणे व दळणवळण विस्कळीत करणे हा काँग्रेसचा कार्यक्रम असल्याचे नभोवाणीवरून सांगितले. त्यामुळे लोकांना नकळत दिशाच मिळाली, असे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. देशभरात सुमारे २५० रेल्वे स्थानकांची नासधूस झाली. १९४३ अखेरपर्यंत अटक झालेल्यांची संख्या ९१ हजारांवर गेली.

ज्या लोहमार्गावरून नेत्यांना नेण्यात आले, त्याच्या परिसरातच प्रतिकार उभा राहिला, ही बाब लक्षणीय आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या मनोऱ्यांवर घाव घातले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार स्थापन झाले आणि जून १९४३ मध्ये शेणोली येथे तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. अहमदनगरच्या किल्ल्यातही शांतता निष्फळ राहिली नाही. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ हे ग्रंथ याच बंदिवासात आकारास आले.

याच मार्गावरील एक उत्तरकालीन घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे. जून १९४६ च्या अखेरीस गांधीजी विशेष गाडीने पुण्याकडे जात असताना, नेरळ व कर्जत यांच्या दरम्यान रात्री रुळांवर ठेवलेल्या दगडांवर इंजिन आदळले. चालकाच्या सावधपणामुळे अनर्थ टळला. १९४२ मध्ये सर्व शक्ती पणाला लावून जमावापासून ज्यांना दूर राखले गेले, त्यांच्या जीविताला खरा धोका जयघोष करणाऱ्या जमावाकडून नव्हता. तो अंधारात, निर्मनुष्य रुळांवर होता.

निष्कर्ष

९ ऑगस्टच्या विशेष गाडीचा अभ्यास तीन बाबी स्पष्ट करतो. पहिली, युद्धकालीन राज्यसंस्था संरक्षण आणि स्थानबद्धता यांसाठी एकच यंत्रणा व एकच पद्धती वापरते. दुसरी, अशा मोहिमेचे मूल्यमापन केवळ नियोजित स्थळी सुखरूप पोहोचण्यावरून करता येत नाही. नेता आणि जनता यांच्यातील नात्याचे पुढे काय झाले, हाही निकष लावावा लागतो. तिसरी, संरक्षण कोणापासून, या प्रश्नाचे उत्तर सत्ता ज्या प्रकारे देते, त्यातूनच तिचे जनतेशी असलेले नाते उघड होते. पुणे स्थानकाच्या पुलावर उभे असलेले लोक शासनाच्या लेखी धोका होते, तर डब्यातील बंद्यांच्या लेखी आप्त होते. या दोन दृष्टींमधील अंतर कोणत्याही बंदोबस्ताने भरून निघणारे नव्हते. पाच वर्षांनी संपलेल्या राजवटीच्या अंताचे एक कारण त्या अंतरात शोधता येते.