मस्कतची वेस आणि चारशे मीटर

सुलतान सईद बिन तैमूर यांच्या अमदानीत मस्कत शहराच्या वेशी सूर्यास्तानंतर काही तासांनी बंद होत आणि त्यापुढे रस्त्यावर वावरणाऱ्यास हाती कंदील बाळगण्याची सक्ती असे. १९७० साली त्यांचे चिरंजीव काबूस यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्या अवाढव्य मुलखात सर्व मिळून ३ शाळा आणि जेमतेम १० किलोमीटर पक्की सडक होती. अशा देशातील तरुणाने जगातील सर्वांत वेगवान धावपटूंच्या पंक्तीत आपलेही स्थान असू शकते असा विचार मनात आणणे, हेच मुळी मोठे मानसिक साहस होते. कारण ज्या गोष्टीचे उदाहरण भोवताली कोठेच नाही, तिच्यावर श्रद्धा ठेवणे हे कोणत्याही शारीरिक कसरतीहून कठीण असते.

ही श्रद्धा नुसत्या उपदेशाने उत्पन्न होते, असे मला वाटत नाही. १९८२ मध्ये ओमानची ऑलिंपिक समिती स्थापन झाली, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला देशाचे पहिले पथक गेले, १९८५ मध्ये बौशर येथे मोठे क्रीडासंकुल उभे राहिले. आणि या पायऱ्यांवरूनच मोहम्मद अल्-मालकी हा चारशे मीटरचा धावपटू वर आला.

ही शर्यत मनाची परीक्षा पाहणारी आहे. प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातच धावायचे असते, वळणामुळे आरंभस्थाने पुढेमागे ठेवलेली असतात, त्यामुळे आपण नेमके कितवे आहोत हे पहिल्या वळणावर कळतच नाही. आणि अखेरच्या शंभर मीटरांत पाय शिशासारखे जड होऊन गती सर्वांचीच मंदावू लागते, तेव्हा जो आपली लय कमीत कमी मोडू देतो तोच पुढे राहतो. ऑगस्ट १९८८ मध्ये बुडापेस्टला मालकीने ४४.५६ सेकंदांचा आशियाई विक्रम नोंदवला; त्याच महिन्यात अमेरिकेच्या बुच रेनॉल्ड्सने झ्युरिचला ४३.२९ चा विश्वविक्रम केला. हे अंतर डोळ्यांसमोर असतानाही तो पुढच्याच महिन्यात सोलच्या ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्या पार करून अंतिम फेरीत उतरला. ४५.०३ सेकंदांत तो आठवा, म्हणजे शेवटचा, आला. त्याला मी पराभव म्हणावयास तयार नाही.

अशा प्रत्यक्ष सामन्यातूनच पुढचे यश घडते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. परदेशी मल्लांशी प्रत्यक्ष झुंजल्यामुळे त्यांच्या सामर्थ्याचे यथार्थ मोजमाप खाशाबांना झाले आणि परकेपणाचे भय ओसरले, असे मी मानतो. त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून खाशाबांच्या प्रवासखर्चाची तजवीज केली, या विश्वासाचे बळही त्यांच्या पाठीशी होतेच.

मालकीच्या बाबतीतही तसेच घडले. सोलनंतर दोनच वर्षांनी, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत, त्याने चारशे मीटरचे सुवर्णपदक पटकावले. बुडापेस्टचा त्याचा आशियाई विक्रम तर सौदी अरेबियाच्या युसुफ मसराहीने २०१४ मध्ये मोडीपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ अबाधित राहिला. दरम्यान २०१० मध्ये ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओमानच्याच बरकत अल्-हार्थीने शंभर मीटरचे कांस्यपदक घेतले होते.