लॅपटॉप की डेस्कटॉप? कामासाठी आणि प्रवासासाठी संगणक कसा निवडावा

नवा संगणक घ्यायचा म्हटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'आय५ घेऊ की आय७?' दुकानदारही त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो. पण प्रोसेसरच्या नावावरून यंत्राचा वेग कळतोच असे नाही, आणि ते यंत्र आपल्या उपयोगाचे आहे की नाही हे तर मुळीच कळत नाही. पाठीवर वागवायला जड आणि टेबलावर काम करायला अपुरा, असा लॅपटॉप अनेकांच्या गळ्यात पडतो तो यामुळेच. संगणक एकदा घेतला की साधारण चार-पाच वर्षे वापरावा लागतो. त्यामुळे पैसे देण्याआधी आपले काम नेमके कुठे बसून होते, हे ठरवणे जास्त महत्त्वाचे ठरते.

महिन्यातले किती दिवस बाहेर?

लॅपटॉप लागेल की डेस्कटॉप, हे ठरवण्यासाठी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब मांडावा. घर किंवा कार्यालय सोडून दुसरीकडे बसून प्रत्यक्ष काम किती दिवस केले? 'लागलाच तर उपयोगी पडेल' हे दिवस यात मोजू नयेत.

- महिन्यात दोन-तीन दिवसांपेक्षा कमी: डेस्कटॉप पुरेसा आहे. बाहेर असताना मेल पाहणे, फाइल पाठवणे ही कामे मोबाइलवर होतात.
- आठवड्यातून एक-दोन दिवस: लॅपटॉप घ्यावा, पण टेबलावर त्याला जोडायला वेगळा मॉनिटर आणि कीबोर्ड असावा.
- निम्मा महिना किंवा जास्त: हलका, बॅटरी टिकणारा लॅपटॉप घ्यावा. इथे वेगापेक्षा वजन आणि बॅटरी यांना आधी महत्त्व द्यावे.

नाव एक, यंत्रे तीन

एकाच 'आय७' या नावाखाली किती वेगवेगळे प्रोसेसर विकले जातात, हे इंटेलच्या तेराव्या पिढीवरून स्पष्ट होते.

- आय७-१३५५यू: पातळ लॅपटॉपसाठी. १० कोअर, मूळ वीजमर्यादा १५ वॅट.
- आय७-१३७००एच: जाड, ताकदीच्या लॅपटॉपसाठी. १४ कोअर, ४५ वॅट.
- आय७-१३७००: डेस्कटॉपसाठी. १६ कोअर, ६५ वॅट. गरज पडल्यास काही काळ २१९ वॅटपर्यंत.

प्रोसेसर जितकी वीज वापरतो तितकी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोठे पंखे आणि भरपूर मोकळी जागा असते. लॅपटॉपमध्ये ती नसते. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून पाच मिनिटांच्या कामात दोन्ही सारखेच चपळ वाटतात, पण तासभराचा व्हिडिओ तयार करताना डेस्कटॉप पुढे निघून जातो.

२०२३ पासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावांतून 'आय' हे अक्षर काढून 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा' अशी नावे सुरू केली. तरी शेवटचे अक्षर पाहण्याची सवय तिथेही उपयोगी पडते. ढोबळमानाने 'यू' म्हणजे कमी वीज आणि जास्त बॅटरी, तर 'एच' किंवा 'एचएक्स' म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्येही 'यू', 'एचएस', 'एचएक्स' अशी अक्षरे असतात.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. एनव्हिडियाचे डेस्कटॉपसाठीचे आरटीएक्स ४०७० कार्ड १२ जीबी मेमरीचे आहे. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात ८ जीबी मेमरी आणि कमी कोअर आहेत. आरटीएक्स ४०६० असलेल्या लॅपटॉपमध्ये कंपनी त्या कार्डाला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. त्यामुळे एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप वेगात बरेच वेगळे असू शकतात. ही वॅटची संख्या बहुधा जाहिरातीत नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलात ती शोधावी लागते.

बॅटरीचा हिशोब

'१२ तास बॅटरी' हा जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा मंद प्रकाशात व्हिडिओ चालवून काढलेला असतो. खरा अंदाज घरीच काढता येतो. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते. तिला वापरल्या जाणाऱ्या वॅटने भागले की तास मिळतात. ५० वॅट-अवरची बॅटरी आणि साध्या कामात सरासरी १० वॅट वापर असेल, तर पाच तास. त्याच बॅटरीवर २५ वॅट खाणारे काम केले, तर दोनच तास. म्हणून गेमिंग लॅपटॉप बाहेर नेला की त्याची ताकद सॉकेट सापडेपर्यंत फारशी कामी येत नाही.

वजन मोजताना चार्जरही मोजावा. १४ इंची कामाचा लॅपटॉप साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो आणि त्याचा चार्जर लहान असतो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, शिवाय चार्जर अर्धा किलो किंवा जास्त. रोज लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात खांद्यावर जाणवतो.

लॅपटॉप यूएसबी-सी पोर्टवरून चार्ज होतो का, हेही पाहावे. होत असेल तर मोबाइल आणि लॅपटॉप दोघांना एकच ६५ वॅटचा चार्जर चालू शकतो.

विमान, रेल्वे आणि परदेश

विमानप्रवासात १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-अवरसाठी विमान कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा शंभराच्या आतच असतात. पॉवर बँक मात्र सामानात टाकून देता येत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असतात. त्या संख्येला ३.७ ने गुणून हजाराने भागले की वॅट-अवर मिळतात. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. पण लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर तिच्यातून किमान ४५ ते ६५ वॅट बाहेर येतात का, हे वेगळे तपासावे.

रेल्वेच्या अनेक डब्यांतील सॉकेटला ११० व्होल्ट वीज असते. लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेले असेल तर तो तिथेही चालतो आणि अमेरिकेतही. परदेशात फक्त पिनचा आकार बदलणारा अॅडॉप्टर लागतो. अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत सॉकेट बंद ठेवतात, त्यामुळे चार्जिंग आधीच उरकून घ्यावे.

प्रवासातला मोठा धोका लॅपटॉप चोरीला जाण्याचा. यंत्राचे पैसे कधीतरी भरून निघतात. त्यातली ग्राहकांची कागदपत्रे आणि हिशोब परक्या हाती पडले तर ते नुकसान मोजता येत नाही. म्हणून डिस्क एन्क्रिप्शन सुरू ठेवावे, त्याची रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर जपावी आणि कामाची एक प्रत घरी किंवा क्लाउडवर असू द्यावी.

टेबलावरचे काम

रोज आठ तास बसणाऱ्यासाठी लॅपटॉपची रचनाच गैरसोयीची आहे. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आणली तर कीबोर्ड वर जातो. कीबोर्ड हाताशी ठेवला तर मान खाली झुकते. यावर उपाय सोपा आहे: वेगळा कीबोर्ड, माउस आणि २४ इंची मॉनिटर, किंवा निदान लॅपटॉप उंच करणारा स्टँड.

वीजबिलात लॅपटॉप स्वस्त पडतो. मॉनिटरसह १०० वॅट वापरणारा डेस्कटॉप रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस चालला तर २० युनिट होतात. २५ वॅटचा लॅपटॉप तितकाच चालला तर ५ युनिट. जिथे वीज वारंवार जाते तिथे लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. डेस्कटॉपला मात्र यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस काही मिनिटांचाच वेळ देतो. तो काम जतन करून संगणक बंद करण्यासाठी असतो.

डेस्कटॉपचा मोठा फायदा दुरुस्तीत आहे. पॉवर सप्लाय, रॅम, डिस्क यांतला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे भाग जोडून हवा तसा डेस्कटॉप तयार करून मिळतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर खर्च अनेकदा नव्या यंत्राच्या जवळ जातो.

उन्हाळ्याचाही विचार हवा. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस करते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, या दोन्हींमुळे बॅटरी लवकर म्हातारी होते. सतत टेबलावर जोडून ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी.

रॅम आणि डिस्क

साध्या कार्यालयीन कामाला ८ जीबी रॅम आता काठावरची आहे. नव्या यंत्रात १६ जीबी घ्यावी. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रॅम नंतर वाढवता येते का. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की जोडलेली असते. अशा यंत्रात पुढच्या पाच वर्षांची गरज खरेदीच्या दिवशीच भागवावी लागते.

डिस्क एसएसडीच हवी. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५५० च्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडी हजारोंमध्ये. जुना संगणक मंद झाला असेल आणि त्यात हार्ड डिस्क असेल, तर नवा घेण्याआधी एसएसडी बसवून पाहावी.

कोणत्या कामाला काय?

- हिशोब, कर, निविदा: टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन बहुधा जुन्या, चौकोनी यूएसबी पोर्टचा असतो. तसा पोर्ट नसलेला लॅपटॉप घेतला तर जोडणी वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती नेमकी शेवटच्या तारखेला घरी राहते.
- मराठी डीटीपी: जुन्या फॉन्टवर चालणारी कामे असतील तर ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालते का, हे आधी पाहावे. मोठ्या पडद्यासह डेस्कटॉप सोयीचा.
- व्हिडिओ आणि थ्रीडी: मुख्य काम डेस्कटॉपवर, चित्रीकरणाच्या जागी फाइल उतरवायला साधा लॅपटॉप.
- लेखन, अनुवाद, शिकवणे: 'यू' प्रकारचा हलका लॅपटॉप किंवा मॅकबुक एअर, आणि घरी एक मॉनिटर.
- घरात एकाच जागी काम, जागा कमी: मिनी पीसी. डब्याएवढे यंत्र मॉनिटरमागे बसते, मात्र ग्राफिक्स कार्ड सहसा नंतर बसवता येत नाही.

जुना लॅपटॉप घेताना

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी बँकेच्या आणि कराच्या कामासाठी ते टाळावे. बॅटरीची उरलेली क्षमताही विचारावी.

पैसे देण्याआधी दुकानात विचारायचे प्रश्न

१. प्रोसेसरचे पूर्ण नाव काय, आणि शेवटचे अक्षर कोणते?
२. रॅम वाढवता येते का? रिकामा स्लॉट आहे का?
३. बॅटरी किती वॅट-अवर? चार्जरसह वजन किती?
४. दुरुस्तीला माणूस घरी येतो की यंत्र केंद्रात न्यावे लागते? जवळचे केंद्र कोणत्या गावात?
५. हवे ते सर्व पोर्ट यंत्रावरच आहेत का?
६. विंडोज मूळ परवान्याचे आहे का, आणि बिलावर सिरीयल नंबर येईल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर फोन करून स्वतः पडताळावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला केंद्र ८० किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक बिघाडामागे कामाचे किमान दोन दिवस जातात: एक यंत्र नेऊन द्यायला, एक परत आणायला. तो खर्चही किमतीत धरावा.