पावसाच्या आवाजातली टिकटिक

पत्र्याच्या शाळेवर पाऊस कोसळतो आहे आणि भिंतीवर घड्याळ टिकटिकते आहे. टिकटिक ऐकू येत नाही. पण आवाजाची नोंद करून तिचे एकेका सेकंदाचे तुकडे पाडले आणि ते एकावर एक ठेवून बेरीज केली तर? टिकटिक प्रत्येक तुकड्यात त्याच जागी येते. १०० तुकड्यांत ती १०० पट होते. पाऊस मात्र कधी जास्त, कधी कमी; त्याची उलटसुलट बेरीज साधारण १० पटच वाढते. अट एकच: तुकडे कुठे पाडायचे ते ठाऊक हवे.

मेंदूचे चुंबकत्व पहिल्यांदा सापडले ते याच युक्तीने. डोळे मिटल्यावर मेंदूत सेकंदाला सुमारे दहा विद्युतलहरी उठतात, हे हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले होते. ही आल्फा लय. विद्युतप्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलेच, हे तर आपण आठवी-नववीत शिकवतो. मग ते मोजायला चाळीस वर्षे का लागली?

कारण ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ५० कोटीव्या भागाइतके असते. १९६८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कोहेन यांनी तांब्याच्या तारेचे दहा लाख वेढ्यांचे वेटोळे डोक्याजवळ ठेवले. स्थिर क्षेत्रामुळे स्थिर वेटोळ्यात काहीच उमटत नाही. त्रास होता तो आसपासच्या बदलत्या क्षेत्रांचा. ती अडवायला अनेक थरांची खोली होती. तरीही गोंगाट उरलाच, कारण तारेतल्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे होणारी चुळबुळही त्यात होती.

आता तुकडे कुठे पाडायचे? आल्फा लय काही घड्याळासारखी नेमकी नसते. कोहेन यांनी डोक्याला लावलेल्या विद्युताग्रांकडूनच ताल घेतला. त्या लहरीशी जुळवून चुंबकीय नोंदींची सरासरी काढली आणि क्षीण लहर वर आली.

पण यातली मेख पाहा. या तालात नसलेले सगळे सरासरीत पुसले जाते; मग तो गोंगाट असो, की विद्युताग्रांना न दिसलेली मेंदूचीच एखादी हालचाल. म्हणून माझ्या मते १९६८ चा प्रयोग हा चुंबकीय क्षेत्र असल्याचा पुरावा होता, मेंदू पाहण्याचे साधन नव्हे.

ते साधन मिळाले १९७२ मध्ये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील नव्या खोलीत कोहेन यांनी तांब्याच्या वेटोळ्याऐवजी स्क्विड वापरले. द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले हे अतिवाहक कडे जेम्स झिमरमन यांच्या कामातून आले होते. आता सरासरीशिवाय, विद्युत आलेखाशेजारी चुंबकीय आलेख सरळ उमटू लागला आणि दोहोंतला फरकही दिसू लागला.

सरासरी मात्र निकालात निघाली नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात, डोळ्यांना दृश्य दाखवल्यावर मेंदूत उमटणारे चुंबकीय प्रतिसाद मोजले गेले. असे प्रतिसाद आल्फा लयीहून क्षीण असतात, त्यामुळे पुन्हा तुकडे आणि बेरीज आलीच. फक्त या वेळी तुकडा कुठे सुरू करायचा हे मेंदूला विचारावे लागत नव्हते. दृश्य केव्हा दाखवायचे ते प्रयोग करणाराच ठरवत होता.