लिल पीप आणि इमो-रॅप : गाणे पुरावा म्हणून कसे वाचावे?

इमो-रॅप तुमच्यापैकी अनेकांनी हेडफोनवर ऐकले असेल. या टिपणात आपण त्याचा इतिहास लिल पीप या गायकाच्या आयुष्यातून पाहू.

'इमो' हा रॉक संगीताचा एक प्रवाह. 1980 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात तो हार्डकोर पंकमधून निघाला. पंकचा राग बाहेरच्या जगावर होता, इमोने मनातले दुःख गायला सुरुवात केली. रॅपचा आधार मात्र ठेका. 1980 साली आलेल्या रोलँड टीआर-808 या यंत्राचा खोल बास हिपहॉपने आपलासा केला. 2015 च्या सुमारास साउंडक्लाउड या संकेतस्थळावर हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले.

लिल पीपचे खरे नाव गुस्टाव्ह ओर. जन्म 1 नोव्हेंबर 1996. न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीचमध्ये तो वाढला. आई शिक्षिका होती. रॉक गाण्यांतले गिटारचे तुकडे, त्याखाली 808 चा बास आणि वर अर्धे गायलेले, अर्धे बोललेले शब्द, अशी त्याची रीत होती. ही गाणी तो घरीच लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करी. म्हणजे स्टुडिओ परवडत नसलेला मुलगा, मग तो लाँग बीचचा असो की भिलाईच्या कॅम्प-1 चा, आपले गाणे जगापुढे ठेवू शकत होता. 2016 मध्ये त्याचे 'क्रायबेबी' आणि 'हेलबॉय' हे संग्रह आले. त्यांतले तुकडे परवानगीविना घेतलेले होते. म्हणून मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर ते 2020 मध्येच पोहोचले.

ऑगस्ट 2017 मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. 15 नोव्हेंबर 2017 रोजी, दौऱ्यावर असताना, ॲरिझोनातील टूसॉन येथे तो वारला. वय 21.

त्याच्या गाण्यांत मृत्यूचा उल्लेख वारंवार येतो. म्हणून 'त्याने आधीच सांगितले होते' असे अनेकांनी म्हटले. इथे सावध राहा. शेवट माहीत झाल्यावर मागचे सारे त्याच दिशेने जाताना दिसते. इतिहासलेखनातला हा जुना सापळा आहे. वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष वेगळा होता : फेंटानिल आणि अल्प्राझोलाम यांच्या अतिमात्रेमुळे झालेला अपघाती मृत्यू. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा सुमारे 100 पट प्रभावी असते आणि त्या वर्षांत अमेरिकेतील चोरट्या बाजारातल्या गोळ्यांत त्याची भेसळ पसरत होती. 2019 मध्ये आईने व्यवस्थापन कंपनीवर निष्काळजीपणाचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले.

गाणे मनःस्थितीचा पुरावा असू शकते, मृत्यूच्या कारणाचा नव्हे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एखादा मित्र असे काही बोलू लागला, तर ती 'स्टाइल' समजून सोडू नका. त्याला सरळ विचारा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

स्वाध्याय : तुमच्या आवडीच्या एका दिवंगत कलाकाराबद्दलची माहिती घ्या. त्यातले मृत्यूपूर्वी लिहिलेले काय आणि नंतर जोडलेले काय, ते वेगळे करा.