एका कणातून सुरू झालेला तडा

आजची गोष्ट सिरॅमिकची आहे. पण कपबशीची नाही, माणसाच्या खुब्यात बसवतात त्या गोळ्याची.

१९७० मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुतँ या सर्जननं अ‍ॅल्युमिनाचा कृत्रिम खुबा वापरायला सुरुवात केली. अ‍ॅल्युमिना फार कमी झिजतं, पण ठिसूळ. एकदा भेग पडली की ती पुढे पळतच जाते.

तोडगा निघाला ऑस्ट्रेलियात. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी 'नेचर'मध्ये पेपर छापला. विषय होता झिर्कोनिया. हे भट्टीत तापलेलं असताना त्याचे स्फटिक 'टेट्रागोनल' रचनेत असतात. थंड होताना ते 'मोनोक्लिनिक' होतात आणि ४ टक्क्यांच्या आसपास फुगतात. नुसतं झिर्कोनिया त्यामुळे स्वतःच तडकतं. पण त्यात दुसरं ऑक्साइड मिसळून स्फटिकांना जुन्याच रचनेत अडकवून ठेवलं तर? मग भेग आली की तिच्या टोकाशी असलेले कण ताणामुळे बदलतात, फुगतात आणि भेगेलाच दाबून धरतात. भारी ना?

१९८०च्या दशकात खुब्यासाठी झिर्कोनियाचे गोळे आले. त्यात यट्रिया मिसळलेलं असायचं. पण १९८१ मध्येच कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की दमट हवेत, काहीशे अंशांवरच, हे झिर्कोनिया कमजोर होतं. सुरुवात पृष्ठभागावरच्या एखाद्या कणापासून होते. पाण्यामुळे तो बदलतो, फुगतो, शेजारच्यांना ढकलतो. बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि पुढचे कण बदलतात. आणि आपल्या शरीरात पाणी तर कायमच असतं!

मग एका फ्रेंच उत्पादकानं भट्टी बदलली: एकेक घाणा भाजायच्या भट्टीऐवजी सलग चालणारी बोगदा-भट्टी. कोड तोच, सर्व्हर बदलला म्हणा ना. काही बॅचेसमध्ये हा बदल फार वेगानं पसरला. सुमारे ४०० गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटले. २००१ मध्ये त्या बॅचेस परत मागवल्या. ज्यांचा गोळा फुटला त्यांना परत ऑपरेशन, दुसरा काय इलाज?

पुढे उत्तर सापडलं ते जुन्या अ‍ॅल्युमिनातच. त्यात झिर्कोनियाचे कण विखरून टाकायचे. भेग अडवायला ते हजर, पण एकमेकांपासून लांब. एक कण बदलला तरी शेजारी अ‍ॅल्युमिना असतं, त्यामुळे साखळी सहसा पुढे सरकत नाही. आज खुब्यात बसवले जाणारे बरेच सिरॅमिक गोळे याच मिश्रणाचे आहेत.

भेटू पुढच्या भागात!